आभासी सर्व्हर व सामायिक स्टोरेजमधील बिघाडांचे निदान

एका शक्तिशाली संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याच्या तंत्रास सर्व्हर आभासीकरण म्हणतात. असे चालणारे संगणक म्हणजे आभासी यंत्रे. व्यवहारात त्यांना व्हर्च्युअल मशीन असेही म्हटले जाते. ती ज्या प्रत्यक्ष संगणकावर चालतात तो होस्ट होय. अनेक होस्टना एकाच वेळी वापरता येणाऱ्या डिस्कसंचास सामायिक स्टोरेज म्हणतात. होस्ट आणि स्टोरेज यांच्या जोडणीत उद्भवणारे बिघाड ओळखणे, त्यांचे मूळ शोधणे आणि साठविलेल्या माहितीस धक्का न लावता सेवा पूर्ववत करणे, हा संगणक प्रणालींच्या देखभालीचा एक कठीण भाग आहे. या रचनेत बिघाड एका ठिकाणी होतो, परंतु त्याची लक्षणे दुसऱ्याच ठिकाणी व एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसतात. त्यामुळे घाईने केलेला उपाय मूळ बिघाडापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकतो.

== पार्श्वभूमी ==

आभासीकरणाची कल्पना १९६० च्या दशकात आयबीएम या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर प्रथम साकार झाली. १९७२ मध्ये त्या कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. संगणकाचे आभासीकरण कोणत्या अटींवर शक्य होते, याचे सैद्धांतिक विवेचन जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये केले. सर्वसाधारण सर्व्हरवर हे तंत्र रुळले ते व्हीएमवेअर या कंपनीमुळे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर हे उत्पादन आणले. पुढे झेन, लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये समाविष्ट झालेले केव्हीएम आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही हे पर्याय उपलब्ध झाले.

चालू असलेले आभासी यंत्र बंद न करता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलविण्याची सोय व्हीएमवेअरने २००३ मध्ये उपलब्ध करून दिली. यंत्राची डिस्क दोन्ही होस्टना दिसत असेल, तर केवळ स्मृतीतील मजकूर हलवावा लागतो. या सोयीमुळे सामायिक स्टोरेजचा प्रसार झाला. त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग वापरले जातात : स्वतंत्र प्रकाशतंतूंचे जाळे असलेले फायबर चॅनल, साध्या नेटवर्कवरून डिस्कच्या आज्ञा वाहून नेणारे आयस्कझी आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये विकसित केलेली एनएफएस ही फाइल-वाटप पद्धती.

== पनवेल व नवी मुंबई परिसर ==

नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात आणि पनवेल परिसरात मोठी डेटा सेंटरे आहेत. पनवेल येथील हिरानंदानी फॉर्च्युन सिटीमध्ये योट्टा या कंपनीचे एनएम१ हे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. त्याची घोषित क्षमता ७,२०० रॅकची आहे. अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या वर्गीकरणातील चौथी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी या केंद्रास मिळाली आहे.

ही श्रेणी नेमके काय सांगते, हे बिघाडांच्या निदानाच्या दृष्टीने लक्षात घेणे आवश्यक आहे. वर्गीकरणाच्या चार पायऱ्या इमारतीच्या वीजपुरवठ्याशी व शीतकरणाशी संबंधित आहेत. चौथ्या श्रेणीत या व्यवस्थेतील कोणताही एक घटक अचानक बंद पडला, तरी रॅकपर्यंतची वीज व थंड हवा अखंड राहणे अपेक्षित असते. रॅकच्या आत असलेले होस्ट, स्विच, केबल आणि स्टोरेज यांची मांडणी मात्र या श्रेणीच्या कक्षेत येत नाही. दोन्ही डेटा केबल एकाच स्विचमध्ये जोडलेल्या असतील, तर सर्वोच्च श्रेणीच्या इमारतीतही तो एक स्विच बंद पडताच सर्व आभासी यंत्रे थांबतात.

== रचनेचे थर ==

आभासी यंत्रातील एखाद्या प्रोग्रामने लिहिलेली माहिती डिस्कपर्यंत पोहोचताना अनेक थर ओलांडते. आभासी यंत्रातील कार्यप्रणाली, होस्टवरील आभासीकरणाचा थर, होस्टचे नेटवर्क किंवा फायबर कार्ड, केबल, स्विच, स्टोरेजचा नियंत्रक आणि शेवटी डिस्क, असा हा क्रम असतो. सुस्थापित मांडणीत कार्ड, स्विच व नियंत्रक प्रत्येकी दोन असतात आणि होस्टला एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग दिसतात. त्यांपैकी एक मार्ग तुटला, तर दुसरा वापरात येतो. वापरकर्त्यास याची जाणीवही होत नाही.

हीच सोय निदानाच्या वेळी फसवी ठरते. एक मार्ग अनेक महिने तुटलेला असूनही काम सुरळीत चालते आणि दुसरा मार्ग तुटण्याच्या दिवशी संपूर्ण यंत्रणा कोसळते. त्या दिवशी दिसणारा बिघाड नवा असला, तरी त्याचे कारण जुने असते.

== बिघाडांचे प्रमुख प्रकार ==

=== मार्ग तुटणे ===

स्टोरेजकडे जाणारे सर्व मार्ग एकदम बंद झाल्यास होस्टसमोर दोन शक्यता असतात. डिस्क तात्पुरती दिसत नाही, अथवा ती कायमची काढून घेण्यात आली आहे. स्टोरेजकडून तसे स्पष्ट उत्तर आले, तर होस्ट दुसरी शक्यता मानतो; उत्तरच आले नाही, तर पहिली. व्हीएमवेअरच्या प्रणालीत पहिल्या स्थितीत होस्ट मुळात १४० सेकंद वाट पाहतो. त्यानंतर तो स्वतःच्या विनंत्या थांबवितो, परंतु आभासी यंत्रांच्या लेखन-वाचनाचे प्रयत्न चालूच राहतात. या काळात आभासी यंत्रे गोठल्यासारखी दिसतात. त्यांतील लिनक्स प्रणालीस डिस्ककडून चुका कळू लागल्या, की ती बहुधा आपली फाइल प्रणाली केवळ वाचनापुरती खुली ठेवते. अशा वेळी यंत्र चालू दिसते, पण त्यात काहीही नोंदले जात नाही.

=== विलंब ===

स्टोरेज बंद न पडता मंद होणे हा प्रकार अधिक वेळा आढळतो. एका आभासी यंत्रावर मोठा बॅकअप सुरू झाला, किंवा डिस्कसंचातील एक डिस्क निकामी होऊन नव्या डिस्कवर माहितीची पुनर्बांधणी सुरू झाली, तर त्याच संचावरील इतर सर्व यंत्रे रेंगाळू लागतात. ज्या यंत्राबद्दल तक्रार येते त्यात दोष नसतो. तो त्याच्या शेजारी असतो. होस्टवर विलंबाचे दोन भाग वेगळे मोजता येतात : स्टोरेजकडून उत्तर येण्यास लागलेला वेळ आणि होस्टच्या स्वतःच्या रांगेत गेलेला वेळ. पहिला भाग सातत्याने सुमारे २० मिलिसेकंदांहून अधिक राहिला, तर स्टोरेज वा मार्ग तपासला जातो. दुसरा भाग सुमारे २ मिलिसेकंदांच्या पुढे गेला, तर होस्टवरील भार किंवा रांगेची मर्यादा तपासली जाते.

=== जागा संपणे ===

प्रत्यक्ष उपलब्ध जागेपेक्षा अधिक जागा आभासी यंत्रांना कबूल करण्याची पद्धत प्रचलित आहे. सर्व यंत्रे आपला वाटा एकदम मागणार नाहीत, हे त्यामागचे गृहीतक असते. ते चुकले, की लेखन करणारी यंत्रे थांबतात. जागा संपण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे विसरलेले स्नॅपशॉट. एखादा बदल करण्यापूर्वीची स्थिती जपून ठेवण्यासाठी घेतलेला स्नॅपशॉट पुढील प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठवितो आणि ती फाइल वाढत जाते. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, अशी व्हीएमवेअरची शिफारस आहे. जागा भरत आल्यावर स्नॅपशॉटच्या फाइल हाताने पुसणे ही गंभीर चूक होय, कारण यंत्राची अलीकडची सर्व माहिती त्याच फाइलमध्ये असते. स्नॅपशॉट प्रणालीच्या आज्ञेनेच मूळ डिस्कमध्ये विलीन करावे लागतात. विलीनीकरणासही काही मोकळी जागा लागू शकते.

=== पॅकेटच्या आकारातील विसंगती ===

आयस्कझी व एनएफएसच्या जाळ्यात वेग वाढविण्यासाठी नेहमीच्या १,५०० बाइटऐवजी ९,००० बाइटची मोठी पॅकेट वापरली जातात. वाटेतील एका जरी स्विचवर हा बदल करायचा राहिला, तर चमत्कारिक लक्षणे दिसतात. जोडणी होते, साधी पिंग चाचणी यशस्वी होते, डिस्कची नावेही दिसतात, पण मोठी फाइल वाचू लागताच काम अडकते. म्हणून चाचणी ८,९७२ बाइटच्या, वाटेत तुकडे न करण्याची आज्ञा असलेल्या पॅकेटने केली जाते. उरलेले २८ बाइट पॅकेटच्या शीर्षभागांसाठी लागतात.

=== दुहेरी मालकी ===

सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे एकाच आभासी डिस्कवर दोन होस्टनी एकाच वेळी लिहिणे. दोन होस्टमधील संपर्क तुटतो, दोघेही चालूच असतात, परंतु प्रत्येकाला दुसरा मेला आहे असे वाटते. आणि दोघेही तेच यंत्र सुरू करतात. सर्वसाधारण फाइल प्रणाली एकाच मालकासाठी घडविलेल्या असल्यामुळे काही मिनिटांत माहिती दुरुस्तीपलीकडे बिघडू शकते.

हे टाळण्यासाठी बहुमताचा नियम वापरतात. ५ होस्टच्या समूहात किमान ३ होस्ट परस्परांना दिसत असतील, तरच त्या गटास यंत्रे सुरू करण्याचा अधिकार मिळतो. २ होस्टच्या समूहात बहुमत ठरविण्यासाठी तिसरा साक्षीदार नेमावा लागतो. याशिवाय, संपर्काबाहेर गेलेल्या होस्टची वीज तोडून तो खरोखर बंद असल्याची खात्री करण्याची व्यवस्था असते. तिला फेन्सिंग म्हणतात. व्हीएमवेअरच्या फाइल प्रणालीत डिस्कवर कुलूपही असते. केव्हीएमवर आधारित मांडणीत अशी कुलूपे स्वतंत्रपणे योजावी लागू शकतात.

== निदानाची पद्धत ==

निदानाचा पहिला प्रश्न व्याप्तीचा असतो. एकच आभासी यंत्र अडले असेल, तर दोष बहुधा त्या यंत्रात असतो. एका होस्टवरील सर्व यंत्रे अडली असतील, तर होस्ट, त्याचे कार्ड वा केबल तपासतात. सर्व होस्टवरील, पण एकाच डिस्कसंचावरील यंत्रे अडली असतील, तर स्टोरेज वा मधला स्विच संशयित ठरतो. या एका वर्गीकरणाने शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते.

दुसरा प्रश्न काळाचा. पहिली चूक नेमकी केव्हा नोंदली गेली आणि त्याआधी कोणता बदल झाला, हे होस्ट, स्विच व स्टोरेज या तिन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिले जाते. तिन्हींची घड्याळे जुळत नसतील, तर कारण व परिणाम यांची अदलाबदल होते. घड्याळे एका कालसर्व्हरशी जुळवून ठेवणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

तिसरी बाब उपायांच्या क्रमाची. केवळ पाहण्याच्या क्रिया आधी, मागे घेता येणारे बदल नंतर आणि मागे न घेता येणारे बदल शेवटी, असा क्रम पाळला जातो. नोंदी वाचणे, मार्गांची संख्या मोजणे व विलंब मोजणे या पहिल्या गटातील क्रिया होत. केबल बदलणे किंवा सुस्थितीतील यंत्रे दुसऱ्या होस्टवर हलविणे दुसऱ्या गटात येते. कुलूप तोडणे, फाइल प्रणालीची दुरुस्ती चालविणे, डिस्कवर नव्याने मांडणी करणे या क्रिया तिसऱ्या गटातील आहेत. होस्टने विचारलेल्या प्रश्नास होकार देऊन ‘दिसत नसलेल्या’ डिस्कची नव्याने मांडणी केल्यास तीवरील माहितीची सूचीच नष्ट होते; मूळ बिघाड मात्र एका सैल केबलचा असू शकतो. होस्ट पुन्हा सुरू करणे हा उपायही निरुपद्रवी नाही. पुनरारंभात स्मृतीतील पुरावे नाहीसे होतात आणि स्टोरेज अजून मंद असेल, तर होस्टला पुन्हा उभे राहण्यास फार वेळ लागतो.

== वीज गेल्यानंतरचा पुनरारंभ ==

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा–पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्यांवरील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि उपनगरी रेल्वेही थांबली. जनित्रांची सोय असलेल्या मोठ्या डेटा सेंटरांची रचना अशा प्रसंगासाठीच केलेली असते. कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये यांच्या छोट्या सर्व्हर खोल्यांमध्ये मात्र बॅटरीची क्षमता मर्यादित असते. बॅटरी संपण्यापूर्वी यंत्रे क्रमाने बंद झाली नाहीत, तर वीज परतल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू होतात. होस्ट स्टोरेजच्या आधी उभा राहिला, तर त्याला डिस्क दिसत नाहीत.

म्हणून क्रम ठरलेला असतो : प्रथम स्विच, मग स्टोरेज, त्यानंतर एक होस्ट, त्यावर नामसर्व्हर व प्रवेशनोंदणीचा सर्व्हर, आणि शेवटी उर्वरित यंत्रे. होस्टना लागणारा नामसर्व्हर त्याच होस्टवरील आभासी यंत्र असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. अशा वेळी होस्टचे पत्ते अंकांत लिहिलेला छापील कागद उपयोगी पडतो.

== उल्लेखनीय घटना ==

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या स्टोरेज यंत्रणेतील स्मृतिकार्डाच्या बिघाडामुळे २६ शासकीय विभागांचे काम विस्कळीत झाले. वाहनचालक परवाने देण्याचे कामही अनेक दिवस बंद होते. डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या करविभागाचे सामायिक स्टोरेज कोसळले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा व्यत्यय आला. विभागाच्या अहवालात प्रकाशतंतूंच्या केबलची सदोष जोडणी, आधीच्या महिन्यांत मिळालेले इशारे आणि पुनर्स्थापनेची काही साधने त्याच स्टोरेजवर ठेवलेली असणे, या बाबी नमूद आहेत.

== प्रतिबंध ==

डिस्कसंचातील रेड रचना एका-दोन डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते. चुकून पुसलेली फाइल ती परत आणत नाही. दुसऱ्या स्टोरेजवर तत्काळ उतरणारी प्रतिकृतीही चूक तितक्याच तत्परतेने उतरविते. म्हणून माहितीच्या ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी १ अन्य स्थळी, हा बॅकअपचा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्या प्रतीतून एखादे यंत्र ठरावीक काळाने प्रत्यक्ष उभे करून पाहणे हाही याचाच भाग आहे. तसेच नियोजित वेळी एक मार्ग मुद्दाम तोडून दुसरा खरोखर चालतो की नाही, हे तपासले जाते. देखरेखीची साधने व पुनरारंभाची टिपणे सामायिक स्टोरेजच्या बाहेर ठेवली जातात, जेणेकरून ज्या दिवशी स्टोरेज उपलब्ध नसेल त्या दिवशी ती हाताशी राहतील.

== हे सुद्धा पाहा ==

आभासीकरण
डेटा सेंटर
रेड (संगणक)
पनवेल