बारा बोअरच्या बंदुकीत पुंगळी अडकली? घाई करू नका

पावसाळ्यात शेतराखणीच्या बंदुकीत पुंगळी अडकते. दमट हवेत कागदी काडतूस फुगतं, नळीत गंज चढतो आणि उडालेली पुंगळी घट्ट बसते.

घोडा ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक न उघडता नळी मोकळ्या जागेकडे धरून मिनिटभर थांबा. कधी बार उशिरा उडतो. भरलेलं काडतूस अडकलं तर त्याला गज लावू नका. बंदूक उघडी ठेवून परवानाधारक कारागिराला बोलवा. पुंगळी रिकामीच असल्याची खात्री असेल, तर बंदूक उघडी ठेवून नळीच्या तोंडातून लाकडी दांडी घाला, हलकं ठोका.

वापरानंतर नळी पुसून तेलाचा हलका हात द्या. काडतुसं कोरड्या डब्यात ठेवा. जुन्या पुंगळ्या घरी भरू नका. एकदा फुगलेली पुंगळी पुन्हा अडकते, शिवाय विनापरवाना काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा १९५९ नुसार गुन्हा आहे.