जुन्या ॲल्युमिनियम नौकेची घरगुती दुरुस्ती : क्षरणाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व कॅनडातील सरोवरांवर रिवेटने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या लहान मासेमारी नौका रूढ झाल्या. विमाननिर्मितीतील पत्राकामाचा अनुभव त्यामागे होता. अशा जुन्या नौका स्वस्तात घेऊन घरच्या अंगणात दुरुस्त करणारे हौशी लोक तेथे पुष्कळ आहेत.

ॲल्युमिनियम गंजत नाही, हा समज अर्धसत्य होय. ऑक्साइडचा पातळ थर धातूचे रक्षण करतो खरा. परंतु तांब्याच्या सान्निध्यात ओलावा असल्यास विद्युत-रासायनिक क्रिया घडून ॲल्युमिनियमच झिजते. नौकेच्या मागील बाजूस मोटार बसविण्यासाठी असलेली लाकडी फळी कालांतराने कुजते. ती बदलतानाच नेमकी चूक होते. टिकाऊ म्हणून रसायनप्रक्रिया केलेले लाकूड निवडले जाते. २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिकयुक्त रसायनाची जागा अधिक तांबे असलेल्या रसायनांनी घेतली. परिणामी फळी शाबूत राहते आणि तिला टेकलेल्या पत्र्यास छिद्रे पडतात! त्यापेक्षा सागरी प्लायवूडला, बोल्टच्या भोकांच्या कडांसह, इपॉक्सीचे लेप द्यावेत. तांबेयुक्त शेवाळरोधक रंगही याच कारणास्तव वर्ज्य ठरतो.

गळती शोधण्यासाठी ट्रेलरवरील नौकेत थोडे पाणी भरून बाहेर थेंब दिसेल तेथे खूण करावी. सैल रिवेट एका बाजूस लोखंडी ठोकळा टेकवून दुसरीकडून हातोडीने घट्ट करता येतात. बैठकीखालील पाणी शोषलेला फोम काढावा. मात्र तेथे नवा भरलाच पाहिजे, कारण नौकेत पाणी शिरल्यास तिला तरंगत ठेवणारा तोच असतो.