हापसा नेमका कुणी शोधला?

गावाच्या वेशीवर, शाळेच्या आवारात, वस्तीच्या कडेला उभा असलेला लोखंडी हापसा इतका ओळखीचा आहे की तो कुणी घडवला, हा प्रश्न सहसा पडत नाही. पडलाच तर उत्तर ठरलेले असते: परदेशातून आला असेल, किंवा एखाद्या हुशार अभियंत्याला सुचला असेल. या उत्तरामागे अभियांत्रिकीविषयीचा मोठा गैरसमज आहे. आधी कल्पना सुचते, मग नकाशा काढला जातो, वस्तू तयार होते आणि अभियंत्याचे काम संपते. पुढे ती बिघडली तर दोष वापरणाऱ्यांचा, असे आपण धरून चालतो. भारतातल्या खेड्यांत सर्वाधिक पसरलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाची घडण पाहिली, तर यातले जवळपास काहीच टिकत नाही.

परदेशी पंप आपल्याकडे खरोखरच आले होते. 1966-67 च्या बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात विंधन विहिरी घेणारी यंत्रे देशभर फिरू लागली. विहिरींवर बसवलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी आखलेल्या पंपांच्या नकला होत्या. तिथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या पाणी काढे. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे गाव तोच दांडा हापसत असे. सांधे झिजत, पिना तुटत, बीड तडकत असे. सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा कोणत्याही वेळी चारपैकी सुमारे तीन पंप बंद असल्याचे आढळले. लोकांना यंत्र नीट वापरता येत नाही, हा निष्कर्ष सोपा होता आणि चुकीचा होता. लोक यंत्र गरजेनुसारच वापरत होते. चुकला होता तो आराखड्यामागचा प्रश्न: एका पंपावर किती माणसे, दिवसाचे किती तास, किती खोलीवरून पाणी काढणार?

हा प्रश्न आधी विचारला गेला तो मराठवाड्यात आणि सोलापुरात. जालना आणि सोलापूर इथे मिशनरी संस्थांच्या पाणीकामात रोज मोडलेले पंप दुरुस्त करणाऱ्यांनी बिडाऐवजी पोलाद वापरले आणि अनेक सांध्यांच्या दांड्याच्या जागी एकाच आसावर फिरणारा दांडा आणला. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला कमानीवरून सरकणारी साखळी होती. दांडा वर्तुळात फिरला तरी खाली जाणारा रॉड सरळच ओढला जातो, त्यामुळे तो वाकत नाही आणि झीज कमी होते. याच पंपाच्या पायावर युनिसेफ, केंद्र सरकार, मद्रासची सरकारी यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनी नवा पंप घडवला. अटी स्पष्ट होत्या: किंमत आवाक्यात हवी, साध्या कारखान्यात तो बनवता यावा आणि वर्षभर न बिघडता चालावा. चाचणीसाठी कोइमतूरचा परिसर निवडला, कारण तिथे पाणी खोल होते आणि वापर भरपूर. म्हणजे पंपाची खरी परीक्षा तिथेच होणार होती. जे तुटले ते बदलून पुन्हा बसवले गेले. 1979 मध्ये भारतीय मानक ठरले. पेटंट कुणीच घेतले नाही, त्यामुळे अनेक कारखान्यांना तो बनवता आला आणि पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. अशा वस्तूच्या नावापुढे एकाच संशोधकाचे नाव लिहिणे शक्य नाही, आणि मला त्यात उणेपणा वाटत नाही.

तरीही आराखडा पुरा झाला नव्हता. सिलिंडरमधले कातडी वायसर झिजले की पाइपांची सगळी रांग वर काढावी लागे. त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसे येईपर्यंत गाव खोळंबून राही. म्हणून ऐंशीच्या दशकात ‘मार्क तीन’ची चाचणी झाली. त्यात रुंद पाइपातून दट्ट्या थेट वर काढता येतो, पण रुंद पाइप जड आणि महाग पडतो. कोणताही आराखडा अशी देवघेव करतच पुढे सरकतो. दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्नही त्यात येतो. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी स्त्रियांनी पाना हाती घेतला आणि हातपंपांच्या मिस्त्री म्हणून काम केले. पाणी भरणे बाईचे आणि यंत्र पुरुषाचे, ही वाटणी पंपाने मोडली नाही. ती त्या स्त्रियांनी मोडली. पाण्यापर्यंत कुणी पोहोचायचे, हा प्रश्नही जुनाच आहे. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर दलितांना सत्याग्रह करावा लागला तो पाण्याच्या तुटवड्यापायी नव्हे, हक्कापायी. हापसा कोणत्या वस्तीत बसवायचा, हा निर्णय आजही त्याच हक्काशी जोडलेला असतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. इतके सगळे आधी तपासत बसलो तर माणसे तहानेने मरतील. घाई खरीच होती, आणि उघड्या पाण्यातून येणारा पटकी-हगवणीचा धोका विंधन विहिरींनी कमी केला, हे नाकारता येत नाही. पण त्याच घाईची किंमतही मोजावी लागली. जंतू नाहीत म्हणजे पाणी शुद्ध, असे गृहीत धरले गेले. बांगलादेशात गाळाच्या जमिनीतल्या उथळ नलिकाविहिरींवर वेगळ्या प्रकारचे पंप लाखोंनी बसले आणि त्यातून आर्सेनिक वर आले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही. आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात, मग वर्षांनी हाडे आखडतात. यावर उत्तर विहीर न घेणे हे नाही. पाण्याची रासायनिक तपासणी हा विहिरीच्या खर्चाचाच भाग धरणे, हे आहे. पंपाच्या दांड्याइतकीच ती आवश्यक आहे.

दुसरी अडचण पंपाच्या कितीतरी बाहेरची आहे. हापसा साधारण 45-50 मीटर खोलीपर्यंत नीट चालतो. शेजारच्या शेतात बोअर त्याहून खोल गेली, तिच्यात विजेवरची मोटर उतरली आणि पाणी खाली गेले की उत्तम स्थितीतला हापसाही कोरडाच हापसत राहतो. तो मोडलेला नसतो, पण गावाला पाणी मिळत नाही. महाराष्ट्राने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला आणि सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी घातली. हे अंतर हापशाच्या कोणत्याही नकाशावर दाखवलेले नसते, तरी त्याचे वायसर किती वर्षे टिकतात यापेक्षा ते अंतर गावात पाळले जाते की नाही, यावर हंडा भरणे जास्त अवलंबून आहे.