टाळ्या मिळालेलं गाणं की नवं गाणं?

दोस्तांनो, देऊळगाव राजातल्या कुठल्याही शाळेचं गॅदरिंग डोळ्यांसमोर आणा. गेल्या वर्षी तुमच्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळालाय. यंदा तेच म्हणाल, की नवं बसवाल? नव्याला टाळ्या मिळतीलच असं नाही हं!

मुंबईच्या एका रॉक बँडपुढेही हाच प्रश्न होता. बँड म्हणजे आपल्या भजनी मंडळासारखाच गट. फक्त टाळ, पखवाज, पेटीच्या जागी गिटार, ड्रम्स, कीबोर्ड! १९८४ साली हा बँड सुरू झाला, तेव्हा नाव होतं 'रॉक मशीन'. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणीच वाजवत. यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये पहिला अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचं पारितोषिक मिळालं. १९९५ च्या अल्बममध्ये तर रॉकमध्ये भारतीय सूर-तालही मिसळले. आणि १९९७ मध्ये बँड थांबला.

२०१० मध्ये गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने गडी पुन्हा एकत्र आले. जोडीला रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे तरुण वादक. जुनी गाजलेली गाणी वाजवूनही त्यांचं भागलं असतं. पण २०१२ मध्ये, तब्बल १७ वर्षांनी, त्यांनी ८ गाण्यांचा कोरा अल्बम काढला. नाव 'इव्हॉल्व्ह', म्हणजे बदलत वाढत जाणं. गिटार आता जड झाली होती, सूर गडद झाला होता. एका गाण्याचं नाव 'डिझॉल्व्ह', म्हणजे विरघळणं. दुसऱ्याचं 'गुडबाय', म्हणजे निरोप.

आई-बाबा म्हणतील, "असलं उदास कशाला ऐकायचं?" पण आपल्या संगीतातला सांजवेळचा मारवा राग आठवा. त्यात पंचम हा सूरच नसतो, रिषभ कोमल असतो. ऐकताना हुरहूर लागते, तरी माणसं तो आवडीनं ऐकतात. कारण मनातली न सांगता येणारी खिन्नता कुणीतरी सुरांत सांगितली, की जरा हलकं वाटतं.

मग या रविवारी आई-बाबांसोबत या बँडचं एक जुनं आणि एक नवं गाणं ऐका. काय बदललं, काय तसंच राहिलं, ते शोधा. आणि घरात कुणाला कुठलं आवडलं, यावर खुशाल वाद घाला!