वाढदिवसाचे धोंडस आणि मधुमेह

बोळिंजमध्येही आता वाढदिवस म्हटला की क्रीमचा केक आलाच. त्यापेक्षा घरचे धोंडस बरे. जून काकडीचा म्हणजे तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे एकत्र शिजवून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला हा आपल्या कोकणचा जुना केक. मात्र 'गुळाचे आहे, आजोबांना चालेल' हा समज चुकीचा आहे. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी असतात, गुळात सुमारे 380. रक्तातील साखर दोन्हींमुळे वाढते. शिवाय तांदूळ आहेच. म्हणून मधुमेही आजोबांना वगळू नका, पण आग्रहही करू नका. साखर आटोक्यात असेल तर जेवणातला भात कमी करून एकच लहान तुकडा द्यावा. औषध मात्र वेळेवरच घ्यावे.