टेम्पोतले कपाट का कलंडते?

रहाटणीतून चाकणला घर हलवायचे, की कपाट, फ्रिज, गाद्या असा सगळा संसार टेम्पोच्या हौद्यात चढतो. नाशिक फाटा ओलांडल्यावर एखादी रिक्षा अचानक आडवी येते, ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो आणि मागे धाडकन आवाज होतो.

ब्रेक चाकांना लागतो, कपाटाला नाही. जडत्वामुळे ते आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात हा पुढचा रेटा वजनाच्या ८० टक्के धरतात, बाजूचा ५० टक्के. म्हणजे ८० किलोच्या कपाटाला ६४ किलोचा रेटा. घर्षण वजनाच्या ३० टक्के धरले तर त्यातले २४ किलो अडतात; उरलेले ४० दोरीने पेलायचे. स्पीडब्रेकरवर कपाट क्षणभर उचलले गेले, तर घर्षणही संपले.

उंच वस्तू तर घसरण्याआधीच कलंडते. सहा फूट उंच, दीड फूट खोल, मोकळ्या उभ्या कपाटाला वजनाच्या पाव पट रेटाही पुरतो.

म्हणून त्याची पाठ केबिनकडच्या भिंतीला टेकवावी, खाली रबरी मॅट घालावी आणि पट्टा हौद्याच्या कड्यांना आवळावा. दारे मागच्या बाजूला आल्याने ब्रेक लागताच ती मिटतात. चढावर उघडू नयेत म्हणून कुलूप हवेच.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्या फिरत्या घरांनाही हेच लागू: जड डबे खाली, हलके वर आणि प्रत्येक खणाला खटका.