टेपवरचा गेम आणि बंदुकीतून न सुटणारा किरण

व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर पाहणारी आणि नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या बंदुकीने बदकं मारणारी पिढी बारामती-इंदापूरकडे आता चाळिशी-पन्नाशीत आहे. गेमच्या कॅसेटमध्येही पिक्चरसारखी टेपच असते, असं त्या वेळी पुष्कळांना वाटे. तिच्यात टेप नसायची, चिप असायची. म्हणूनच बटण दाबताच मारिओ उडी मारायचा.   

खरोखर टेपवर चालणारा गेमही निघाला होता. अमेरिकेतल्या वर्ल्ड्स ऑफ वंडर या खेळणी कंपनीने १९८७ मध्ये ‘अ‍ॅक्शन मॅक्स’ हे बंदुकीने खेळायचं यंत्र बाजारात आणलं. हे यंत्र टेप वाजवायचं, असा समज होतो, पण व्हीसीआर ज्याचा त्याने आणायचा होता. यंत्राचा एक सेन्सर टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात रबरी वाटीने चिकटवायचा.

सगळ्यात पक्का गैरसमज बंदुकीचा. तिच्यातून किरण सुटतो आणि टीव्हीला लागतो, असं आजही सांगितलं जातं. घडतं नेमकं उलटं: बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो आणि तो टीव्हीकडून येणारा उजेड टिपतो. अ‍ॅक्शन मॅक्सच्या टेपवर लक्ष्य लुकलुकत असे आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळही. बंदुकीने टिपलेली उघडझाप कोपऱ्यातल्या उघडझापेशी जुळली, की यंत्र गुण देई. आपल्याकडच्या बदकांच्या बंदुकीतही असाच डोळा होता. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि त्याचा उजेड नळीत शिरला तर नेम लागला.

मग अ‍ॅक्शन मॅक्स का फसला? बंदुकीमुळे नव्हे. टेप एकाच दिशेने सरकते. गोळी लागो वा चुको, पुढचं दृश्य ठरलेलंच. शत्रू मरत नाही, खेळाडू हरत नाही, फक्त आकडा वाढतो, तोही ९९ पर्यंत. गेम निघाले जेमतेम पाच. १९८७च्या डिसेंबरातच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी कल्पना टाकाऊ होती असं मला वाटत नाही. खऱ्या चित्रीकरणावर नेम धरायला मिळणं हे त्या काळच्या घरात मोठंच अप्रूप होतं.

माळ्यावरची बदकांची बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाही म्हणून ती बिघडली असं समजू नका. नवा टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो आणि बंदुकीची वेळ चुकते. भंगारात देण्याआधी एखाद्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावून बघा.